पवईपासून सुरुवात कर

पक्षी पाहायला लागायचं तर दुर्बीण घ्यायची घाई नको, कुणाची तरी मागून आण; पुढे घेशील तेव्हा ८ बाय ४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरेल. जागा मात्र मुंबईतला पवई तलावच. रस्ता दक्षिण काठाने जातो आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून उजेड पाठीमागून येतो आणि रंग नीट दिसतात. सातच्या आत पोहोच.

कमळपक्षी शोध. लांब शेपटीचा कमळपक्षी थंडीत ती शेपटी टाकून देतो, त्यामुळे पुस्तकातल्या चित्राशी तो जुळणार नाही. बदकांचंही तसंच: ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेले थापट्या बदकाचे नर मादीसारखेच मळकट असतात, त्यांचा खरा रंग जानेवारीत पाहा. म्हणून रंगाआधी चोच, आकार आणि चालणं टिप. धोबी पक्षी तर शेपटी हलवण्यावरूनच कळतो.

मग भांडुपच्या खाडीकडे जा. इथे भरतीचं गणित हवं. कोळ्यांचा हिशेब सोपा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. द्वादशीला, म्हणजे बाराची पाऊणपट, साधारण ९ वाजता पूर्ण भरती. त्याआधी दोनेक तास पोहोच. पाणी चढतं तसे चिखलातले तुतवार (चिखलात चरणारे छोटे पाणपक्षी) काठाकडे सरकतात. ओहोटीत ते फार लांब असतात.

आणि फोटोसाठी थवा उडवू नकोस, कधीच. हजारो किलोमीटर उडून आलेत ते.