मागच्या चाकांची की चारही चाकांची?

भाऊ, बीएमडब्ल्यूची एम३४०आय घेतोयस, त्यात इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते. जळगाव-धुळ्याच्या कोरड्या रस्त्यावर त्यांच्याच ३३०आयसारखी, फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी गाडीही कमी पडत नाही. स्टिअरिंग हलकं, मोकळं लागतं, कारण पुढच्या चाकांना फक्त वळायचं काम असतं. मला स्वतःला तीच आवडते.

खरा फरक जूनमध्ये कळतो. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती डांबरावर पडते, वर पहिला शिडकावा, की रस्ता साबणासारखा. कन्नड घाटात अशाच एका वळणावर मी ॲक्सिलरेटर लवकर दाबला आणि मागची बाजू हातभर सरकली. तेव्हापासून स्टिअरिंग सरळ होईपर्यंत पाय जपूनच ठेवतो. तूही ठेव.

चारही चाकांची ताकद वेग घेताना पकड देते, ब्रेक लावताना नाही! थांबवतात ते टायर. म्हणून पावसाळ्याआधी टायर बघच. आणि अशा गाडीत एकच नवा टायर टाकू नकोस, चारही टायरची झीज सारखी लागते, नाहीतर ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागावर, ताण येतो.

पावसात घाट नेहमीचा असेल तर चारही चाकांना ताकद देणारीच घे.