वाचकांचे प्रश्न : म्हैस पान्हा का चोरते?

प्रश्न : आमच्या गोठ्यात दोन म्हशी आणि एक संकरित गाय आहे. गाईच्या धारेला घरातले कोणीही बसले तरी चालते. एका म्हशीचे रेडकू मात्र महिन्यापूर्वी दगावले आणि तेव्हापासून ती पान्हा चोरते. ती दूध वर ओढून धरते, असे वडील म्हणतात. शेजारी इंजेक्शन द्यायला सांगतात. दूध खरोखर वर जाते का? आणि इंजेक्शन द्यावे का?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : दूध वर जात नाही, ते वरच असते, खाली उतरलेले नसते. कासेच्या आत डोळ्यांना न दिसणाऱ्या लाखो पोकळ पिशव्या द्राक्षांच्या घडासारख्या लगडलेल्या असतात आणि त्यांच्या अस्तरातील पेशी रक्तातून साखर, प्रथिनांचे घटक व स्निग्धाम्ले उचलून त्यांचे दूध बनवतात. एक लिटर दूध तयार होण्यासाठी कासेतून सुमारे चारशे ते पाचशे लिटर रक्त फिरावे लागते. हे काम दोन धारांच्या मधल्या वेळात अखंड चालू असते. म्हणजे तुम्ही बादली घेऊन बसता तेव्हा त्या वेळचे दूध जवळजवळ सगळे तयार झालेले असते. धार काढताना घातलेल्या पेंडीचे तेव्हाच दूध होते, ही समजूत म्हणूनच खरी नाही, तरी आंबोण समोर ठेवण्याचा उपयोग आहेच. तो पुढे सांगतो.

गाय आणि म्हैस यांच्यातला फरक साठवणीत आहे. सडांच्या वर एक मोकळी पोकळी असते. गाईचे साधारण एक पंचमांश दूध आपोआप त्या पोकळीत उतरते, शेळीचे तर निम्म्याहून अधिक. म्हशीचे मात्र जेमतेम विसावा हिस्सा. बाकीचे सगळे त्या सूक्ष्म पिशव्यांतच अडकलेले असते आणि सड कितीही ओढले तरी येत नाही. रेडकाने कासेला ढुशी दिली, सड चोखले किंवा ओळखीच्या हाताने कास धुतली की मेंदूकडे संवेदना जाते, तेथून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात सुटते आणि त्याच्यामुळे पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळून दूध खाली येते. गाईत याला बहुधा मिनिटभर पुरते; म्हशीला दोन मिनिटे, कधी त्याहून जास्त लागतात. संप्रेरकाचा प्रभाव थोडाच वेळ टिकतो, त्यामुळे एकदा पान्हा सुटला की सहा-सात मिनिटांत धार संपवावी. भीती, मार, अनोळखी माणूस, कुत्र्याचे भुंकणे यांनी ही सगळी साखळी तुटते. तुमची म्हैस मुद्दाम काही करत नाही. तिला रेडकाच्या स्पर्शाची सवय होती आणि तो संकेत आता मिळत नाही.

तेव्हा नवा संकेत लावून द्यावा लागेल. रोज त्याच वेळी, त्याच जागी, त्याच माणसाने बसावे. आधी आंबोण द्यावे, म्हणजे तेही धारेचा संकेत बनते, मग कोमट पाण्याने कास धुऊन दोन मिनिटे हलक्या हाताने चोळावी आणि सड भरल्याचे जाणवल्यावरच धार सुरू करावी. काही दिवस धीर धरावा लागतो. कोल्हापुरात म्हशी भर वस्तीतल्या दूधकट्ट्यावर, गिऱ्हाइकांच्या गराड्यात धार देतात, यावरून सवयीची ताकद लक्षात यावी. कास पूर्ण रिकामी करण्याकडेही लक्ष असू द्या. दूध वारंवार मागे राहिले की पेशी उत्पादन कमी करतात, आणि शेवटच्या धारांतच फॅट सर्वांत जास्त असते.

इंजेक्शनमध्ये तेच ऑक्सिटोसिन असते. त्याने नवीन दूध तयार होत नाही. एरवी कासेत मागे राहणारे थोडे दूध उतरते आणि शेतकऱ्याला दूध वाढल्यासारखे वाटते. रोज टोचू लागल्यास जनावर त्यावरच अवलंबून राहते, आणि तुमची अडचण सुटण्याऐवजी पक्की होते. शिवाय दूध वाढवण्यासाठी जनावराच्या प्रकृतीला अपायकारक असे काही टोचणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम १२ नुसार गुन्हा आहे. पशुवैद्यकाने एखाद्या प्रसंगी उपचार म्हणून ते देणे वेगळे. मात्र एखादा सड गरम किंवा कडक लागत असेल, दुधात गाठी येत असतील, तर तो पान्ह्याचा प्रश्न नसून दगडीचा आजार, म्हणजे कासेचा दाह असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : गाय व्याल्यावर वार पडेपर्यंत वासराला चीक पाजू नये, असे आमच्याकडे मानतात. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : अजिबात नाही. माणसाच्या बाळाला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भातच वारेतून मिळतात. गाई-म्हशींच्या वारेतून ती पलीकडे जात नाहीत, त्यामुळे वासरू त्यांच्याविनाच जन्मते आणि चीक हाच त्याचा एकमेव आधार असतो. ही द्रव्ये न पचवता जशीच्या तशी शोषण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटते आणि चोवीस तासांत जवळजवळ संपते. म्हणून पहिल्या तासा-दोन तासांतच चीक पाजावा. वजनाच्या एक दशांश, म्हणजे तीस किलोच्या वासराला सुमारे तीन लिटर, पहिल्या बारा तासांत विभागून द्यावा. वासरू चोखू लागले की सुटणाऱ्या ऑक्सिटोसिनने गर्भाशयही आकुंचन पावते, म्हणजे वार पडायला मदतच होते. खरवसासाठी चीक काढायला हरकत नाही, पण वासराचे पोट भरल्यावर उरेल तेवढाच.