पाय मागायला शिक

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या पोनीसाठी, आणि दुसऱ्यांदा त्यातल्या एका ओळीसाठी: "काका, ती मागचा डावा पाय देतच नाही, म्हणून आठवडाभर तो साफ करायचा राहिला." खराऱ्याचं, आयाळ विंचरण्याचं, कानामागे खाजवलं की ती खालचा ओठ सैल सोडते त्याचं, सगळं वाचून फार बरं वाटलं. पण आज मी त्या एका पायाबद्दलच लिहिणार आहे.

पाय देत नाही म्हणून तिला हट्टी ठरवू नकोस. घोड्याच्या जातीचा सगळा भरवसा पळून जाण्यावर असतो. तुझ्या हातात एक पाय देऊन ती थोड्या वेळासाठी तो भरवसा सोडून देते. त्यात तिला तीन पायांवर तोल सांभाळायचा असतो. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. डावा पाय उचलला की भार उजव्यावर जातो. म्हणजे न दिलेला पाय ठणठणीत असू शकतो आणि दुखणं दुसऱ्याच पायात असू शकतं. म्हणून आधी तिला कडक जमिनीवर सरळ चालव आणि मागून बघ. वळताना बघ. वय झालेल्या पोनीचे मागचे सांधे आखडलेले असतात. पाय उंच ओढला की कळ येते आणि ती तो हिसकावते. तोच पाय जमिनीपासून वीतभर उंचीवर धरला तर शांतपणे देते. असं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखव, शिकवणं नंतर.

दुखणं नसेल तर पाय मागायला शिक. हो, मागायला. तिला घट्ट बांधू नकोस, कुणालातरी मोरखी हातात धरून तिच्या डोक्याशी उभं राहू दे, तू ज्या बाजूला आहेस त्याच बाजूला. तू तिच्या अंगाला लागून उभी राहा, तोंड शेपटीकडे. हात पाठीवर ठेव आणि तिथून पुठ्ठ्यावरून, मांडीवरून खाली उतरव. मध्येच हात उचलून भलतीकडे टेकवलास तर ती दचकेल. अखंड उतरला तर तो कुठे चालला आहे हे तिला कळतं. खाली पोचलीस की हलकेच दाब आणि 'पाय' म्हण. रोज तोच शब्द, तोच सूर. तिनं भार दुसऱ्या बाजूला नुसता सरकवला तरी पहिल्या दिवशी तेवढंच पुरे. तिला थोपट आणि थांब.

पुढच्या दिवशी उचल, दोन सेकंद धर, आणि ती शांत असतानाच खाली ठेव. सगळी गोम या 'शांत असतानाच'मध्ये आहे. ती ओढत असताना सोडलास तर ओढलं की सुटका होते हे ती शिकेल, आणि पोनी असं एकदाच शिकते. पाय टाकून देऊ नकोस, हातानं जमिनीपर्यंत पोचव. आणि तिच्या पायाशी गुडघे टेकून कधीही बसू नकोस, कितीही गरीब असली तरी. ओणवं राहा, म्हणजे क्षणात बाजूला होता येईल.

पाय हातात आला की खूर साफ करायचा हूक टाचेकडून टोकाकडे चालव, उलटा नाही. तळव्याच्या मधला तो त्रिकोणी, रबरासारखा भाग म्हणजे फ्रॉग. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खोबणींत चिखल, शेण आणि खडे सगळ्यात घट्ट बसतात. खोबणी नीट मोकळ्या कर, पण फ्रॉगवर टोक रुतवू नकोस, तो जिवंत आहे. मग ब्रश. ब्रश केल्याशिवाय तळवा दिसतच नाही, आणि बरेच जण नेमके इथेच थांबतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो. साफ करणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे बघणं.

काय बघायचं? फ्रॉग भरलेला, लवचिक आहे का. त्याच्या मधली खाच उथळ हवी. तिथे खोल चीर असेल, हूक आत शिरत असेल, काळा ओलसर लगदा आणि नाक मुरडायला लावणारा कुजका वास असेल, तर ते थ्रश. आठवडाभर न उघडलेल्या पायात मला याचीच धास्ती आहे. ओल्या, घाणीच्या जागेत उभं राहिलं की हवा न पोचणाऱ्या खोबणींत जंतू फ्रॉग खात जातात. लवकर सापडलं तर साफ करून कोरडं ठेवणं आणि डॉक्टरांनी किंवा नालबंदानं दिलेलं औषध एवढ्यावर निभावतं. पण अंथरूण ओलंच राहिलं तर कुठलंही औषध पुरं पडत नाही. म्हणून औषधाआधी फावडं हातात घे.

तळवा आणि भिंत, म्हणजे खुराचं बाहेरचं कडक कवच, जिथे मिळतात तिथे एक फिकट रेघ दिसेल. तिला पांढरी रेघ म्हणतात, खरं तर ती पिवळसर असते. ती अरुंद आणि घट्ट हवी. ती रुंद झाली, तिच्यात खडे रुतायला लागले किंवा लालसर डाग दिसले, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांग. हे का, ते पुढे सांगतो.

बघून झालं की हात लाव. तळहात खुराच्या भिंतीवर ठेव आणि चारही खुरांची ऊब एकमेकांशी ताडून बघ. उन्हात उभी असेल तर सगळेच कोमट लागतील. एकच वेगळा लागला तर विचार करायचा. खुराच्या वरच्या सांध्याच्या मागच्या अंगाला, दोन्ही कडांना बोटं टेकवून नाडी शोध. निरोगी पायात ती इतकी हलकी असते की आधी सापडणारच नाही. चिडू नकोस, रोज शोध. ज्या दिवशी ती बोटाखाली ठणठण उडेल त्या दिवशी तुला कुणी सांगावं लागणार नाही. तळव्याच्या आत गळू झालं की असंच होतं. काल नीट चालणारी पोनी आज पाय टेकवायलाही तयार नसते, हाड मोडलं की काय असं वाटतं. डॉक्टर किंवा नालबंद वाट करून देतात, पू निघतो आणि तिला पुष्कळ आराम पडतो. ती वाट तू स्वतः करायला जाऊ नकोस.

खिळा रुतलेला सापडला तर उपटायची घाई करू नकोस. तो किती आत आणि कोणत्या दिशेला गेला आहे हे डॉक्टरांना एक्स-रेमध्ये बघता आलं पाहिजे, कारण फ्रॉगमधून गेलेला खिळा आतल्या सांध्यापर्यंत पोचू शकतो. पाय टेकताना तो आणखी आत जाईल अशी अवस्था असेल तरच काढ, भोक कुठे आहे ती खूण करून ठेव, फोटो काढ. आणि तिची धनुर्वाताची लस चुकलेली नाही ना, हे आजच तपास.

नालबंदाबद्दल थोडक्यात. दर ६ ते ८ आठवड्यांनी तो यायलाच हवा, नाल असो वा नसो. खूर लांबला की टोक पुढे जातं, टाच खाली दबते आणि प्रत्येक पावलाचा ताण पायाच्या मागच्या कंडरांवर येतो. तो यायच्या आधी पाय कोरडे आणि स्वच्छ ठेव, आणि तिला तूच धर. कानस स्वतः चालवायचा मोह होईल, आत्ता नको. नालांचं म्हणशील तर पुष्कळ पोनींना त्यांची गरज पडत नाही. जमीन कशी, काम किती, खूर झिजतो किती, यावर ते ठरतं. आणि तू लिहिलेलं ते चमकदार तेल खुशाल लाव, पण त्यानं खूर घडत नाही. खूर घडतो खाण्यातून आणि चालण्यातून. प्रत्येक पावलाला टाच किंचित फाकते, आवळते, आणि रक्त वर ढकललं जातं. म्हणून दिवसभर जागेवर उभं राहणं पायांना मानवत नाही.

आता माझ्या जुन्या पोनीचं, तांबडीचं, सांगतो.

ती माझ्याकडे आली तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या. मी तिला खाऊ घातलं. हिरवंगार कुरण, वर दाणा, वर प्रेमानं काही ना काही. वर्षभरात तिची कातडी तुकतुकीत झाली, मानेवर आयाळीखाली चरबीची जाड वळी चढली, आणि येणारेजाणारे म्हणायचे, काय राखली आहे! मला ते आवडायचं. नालबंदानं एकदा तासताना हात थांबवून दाखवलं: पांढरी रेघ रुंद झाली होती, तिच्यात रक्ताचे दोन डाग होते. भिंतीवर वळ्या उठल्या होत्या, टोकाशी जवळजवळ आणि टाचेकडे फाकत गेलेल्या. "चारा कमी करा," तो म्हणाला. मी मान हलवली आणि केलं काहीच नाही. भुकेनं हंबरडा फोडणारी पोनी मला बघवत नव्हती.

तीन आठवड्यांनी एका सकाळी ती फाटकाशी आली नाही. कुरणाच्या मधोमध उभी होती, पुढचे पाय पुढे ताणलेले, अंगाचा भार मागे टाकलेला. जमिनीपासून पळता आलं असतं तर पळाली असती, असा चेहरा. लॅमिनायटिस. खुराच्या आतलं हाड भिंतीला सुमारे ६०० बारीक पापुद्र्यांनी टांगलेलं असतं. ती जोडणी सुजली, सैल पडली की अंगाच्या सगळ्या भारानं हाड जागचं हलतं. कमी चाऱ्यावर तग धरायला घडलेल्या जातींच्या, म्हणजे बहुतेक पोनींच्या, अंगाला जास्तीची साखर सोसत नाही; रक्तातलं इन्सुलिन चढतं आणि त्याचा मार खुरांवर बसतो. कोवळं गवत साखरेनं भरलेलं असतं. रात्री थंडी आणि दिवसा लख्ख ऊन असेल तेव्हाही गवतात साखर साठून राहते.

एक्स-रेमध्ये हाड थोडं फिरलेलं दिसलं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिला गवतावरून काढलं, जाड मऊ अंथरूण दिलं, पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, औषधं चालू केली. तिला चालवायचं नव्हतं, एक पाऊलही नाही. सुकं गवत पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून द्यायचो, म्हणजे त्यातली साखर थोडी उतरते. रोज तोलून घालायचो, तिच्या वजनाच्या सुमारे दीड टक्का. उपाशी मात्र ठेवायचं नाही. जाड पोनीचं खाणं एकदम तोडलं तर रक्तात चरबी उतरून जीवावर बेतू शकतं.

आणि मग वाट बघणं. खूर महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढतो. केसांच्या कडेला जन्मलेला खूर टोकाशी जमिनीला टेकायला ९ ते १२ महिने लागतात. मी रोज सकाळी तिचा खूर हातात घ्यायचो आणि नवी, घट्ट भिंत किती खाली उतरली ते बोटानं मोजायचो. माझ्या लाडाचं ते वर्ष तिच्या खुरावर वळ्यावळ्यांनी लिहिलेलं होतं आणि मला ते इंचाइंचानं पुसलं जाताना बघावं लागलं. तांबडी चालायला लागली, पुढे ११ वर्षं जगली. पण त्या सकाळचा तिचा चेहरा मी विसरलेलो नाही.

म्हणून तू फोटो पाठवलास तेव्हा मी आधी तिची मान बघितली. मान बरी आहे. पण डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, रोज बघणाऱ्याला जाड होणं दिसत नाही. छातीचा घेर दर पंधरा दिवसांनी टेपनं मोज आणि लिहून ठेव. बरगड्या दिसू नयेत, पण तळहात फिरवला की सहज लागाव्यात. खाऊ म्हणून वाटीभर दाणा देण्यापेक्षा पंधरा मिनिटं जास्त खरारा कर. ओठ सैल सोडते म्हणालीस ना, तिला तोच खाऊ पुरेल.

पायांची तपासणी फिरायला नेण्याआधी एकदा आणि आल्यावर एकदा. नेत नसशील त्या दिवशीही एकदा.

आजच त्या डाव्या पायापासून सुरुवात कर, आणि उचलू दिला नाही तर नुसता हात खाली उतरवून परत ये. देईल त्या दिवशी मला लिही: फ्रॉगच्या मधली खाच किती खोल आहे, वास येतो का, आणि उजव्या पायाच्या मानानं खूर गरम लागतो का. वास आला तर पत्र लिहीत बसू नकोस, आधी नालबंदाला फोन कर.

तुझा,
काका