सार्क मेलं म्हणण्याआधी ४० मेगावॅटचा करार वाच

प्रिय दोस्ता,

तुझा मेल दोनदा वाचला. दक्षिण आशियातल्या सहकार्यावर काम करायचंय पण सगळे म्हणतात सार्क, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची संघटना, तर कधीच मेलं, त्यावर वर्षं कशाला घालवायची, असं लिहिलंयस. त्यांचं अर्धं बरोबर आहे. २०१४ च्या काठमांडूनंतर एकही शिखर परिषद झालेली नाही, २०१६ ची इस्लामाबादची उरी हल्ल्यानंतर बारगळली ती बारगळलीच. आणि सनदेतच लिहून ठेवलंय की निर्णय एकमतानेच होणार आणि दोन देशांच्या भांडणाचे मुद्दे चर्चेला घ्यायचेच नाहीत, मग राजकारण आणि सुरक्षेवर हे लोक बोलणार तरी काय.

पण तू परिषदांच्या फोटोंवरून हिशोब करू नकोस, करारात धान्य किंवा वीज प्रत्यक्षात कशी हलणार हे काय लिहिलंय ते बघ. १९८७ ला सार्कने धान्याचा राखीव साठा ठरवला, सुरुवातीला २ लाख टनांचा. कागदावर मस्त. प्रत्यक्षात ते धान्य ज्याच्या त्याच्या गोडाऊनमध्येच राहणार होतं, आणि कुणाला लागलं तर भाव आणि अटी त्या दोन देशांनी तेव्हा बसून ठरवायच्या. म्हणजे घरात अन्न नाही अशा वेळी घासाघीस करायची! १९९१ च्या चक्रीवादळात बांगलादेशात लाखाच्या वर माणसं गेली आणि या साठ्यातला एक दाणाही हलला नाही. मला याचं अजून वाईट वाटतं. २००७ ला त्याचीच फूड बँक केली, त्याच वर्षी नोव्हेंबरात बांगलादेशात सिद्र वादळ आलं, आणि भारताने ५ लाख टन तांदूळ द्यायचं कबूल केलं ते थेट ढाक्याला, फूड बँकेतून नाही, त्यातही भावावरून घोळ झालाच. तेव्हा भारताने स्वतःची तांदूळ निर्यात आवळलेली होती हेही लक्षात ठेव, टंचाईत प्रत्येकजण आधी आपलं दार लावतो.

आसियान, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांनी चीन, जपान, कोरियाला घेऊन तांदळाचा असाच साठा केला, ७,८७,००० टनांचा. तिथे आगाऊ करार करून ठेवायची सोय आहे. तीसुद्धा फार वापरली जात नाही, बहुतेक तांदूळ मदत म्हणूनच जातो, पण निदान जातो तरी.

आता वीज. हे नीट वाच कारण मला वाटतं तुझं काम इथे आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला नेपाळ, भारत आणि बांगलादेशच्या वीज कंपन्यांनी सही केली, नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या ग्रिडमधून बांगलादेशला, दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर, पाच वर्षं. पावसाळ्यात नेपाळच्या नद्या भरलेल्या असतात म्हणून ही तारीख, हिवाळ्यात नेपाळ स्वतःच भारताकडून वीज घेतो. भाव युनिटला ६.४ अमेरिकन सेंट, आणि वीज मोजायची बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या मीटरवर. बघ, कुठल्या मीटरवर मोजायचं इतकं आधी ठरलेलं! ही सही आधी जुलैत व्हायची होती, ती ढाक्यातल्या आंदोलनामुळे पुढे गेली, मग ऑगस्टमध्ये तिथलं सरकारच पडलं, भारताशी संबंध ताणले गेले, तरी ऑक्टोबरमध्ये सही झाली, नोव्हेंबरात एक दिवस नेपाळची वीज बांगलादेशला पोहोचली आणि जून २०२५ मध्ये परत सुरू झाली. ४० मेगावॅट म्हणजे काहीच नाही म्हणून कुणी हसेल, मी नाही हसणार. सरकार बदलल्यावरही जो व्यवहार टिकला तो असा किती वेळा बघायला मिळतो इकडे?

भारताची बाजूही डोळे उघडे ठेवून बघ. सगळ्या तारा आपल्यातून जातात, आणि नेपाळच्या ज्या प्रोजेक्टमध्ये चिनी पैसा किंवा कंत्राटदार आहे त्याची वीज भारत घेत नाही. दिल्लीला ती सुरक्षा वाटते, काठमांडूत तेच अडवणूक वाटतं, आणि दोघांकडे कारणं आहेत. तुला दोन्हीकडच्या लोकांशी बोलावं लागेल, नेपाळी शिकलीस किंवा शिकलास तर फारच चांगलं, बांगला तर हवीच.

सुरुवात म्हणून फूड बँकेचा करार काढ आणि त्यात भाव कोण ठरवणार ते कलम शोध. सापडलं की त्या जागी तू काय लिहिलं असतंस ते मला एका पानात पाठव, भाषा कशीही चालेल.

तुझा,
सर