लाइन पडली तर दोष कुणाचा?

प्रश्न : ताई, मी धडगाव तालुक्यातली. नंदुरबारला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र शिकते. ‘विकसनशील देशांत माहिती तंत्रज्ञानाची भूमिका’ असा प्रकल्प मिळाला आहे. पुस्तकात सगळं चांगलंच लिहिलंय. पण आमच्या पाड्यावर रेंज नाही, ई-केवायसीसाठी माणसं टेकडी चढतात, आणि रेशनच्या मशीनवर आजीचा अंगठा लागत नाही म्हणून मागच्या महिन्यात तिच्या तीन फेऱ्या झाल्या. पुस्तकातलं लिहू की पाड्यावरचं?

उत्तर : पोरी, दोन्ही लिही. पुस्तक खोटं नाही आणि तुझी आजीही खोटी नाही.

मी 1979 साली अमळनेरला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून, म्हणजे परगावचे कॉल जोडून द्यायच्या कामावर लागले. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात कॉर्ड. शेंगा-तेलाचे व्यापारी सकाळीच मुंबईचा कॉल बुक करायचे. साधा कॉल कधी लागेल याचा भरवसा नसे, म्हणून अर्जंट लावायचे, फारच घाई असली तर लाइटनिंग. त्याचे पैसे साध्या कॉलच्या कितीतरी पट. तीन मिनिटं झाली की मध्ये शिरून मी विचारायची, ‘वाढवू का?’ तेवढ्यात मुंबईचा भाव अमळनेरात आलेला असायचा. बाजारात भुईमुगाच्या शेंगा भरून बैलगाड्या उभ्या असत, पण गाडीवाल्याला भाव कळायचा तो व्यापारी सांगेल तेवढाच. माहितीला काय किंमत असते, हे मी त्या खुर्चीवर बसून शिकले.

त्यामुळे केरळचा अभ्यास वाचला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाचा तो अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. केरळच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर 1997 ते 2001 या काळात मोबाइल आले. तारलीची होडी किनाऱ्याला लागायच्या आधीच मच्छीमार फोन करून कुठल्या बंदरावर गिऱ्हाईक आहे ते विचारू लागले. एका बंदरावर मासळी फेकून द्यावी लागते आणि पलीकडच्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाती परततं, हे थांबलं. मच्छीमारांचा नफा सरासरी 8 टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्यांना मासळी 4 टक्क्यांनी स्वस्त मिळाली. हे जरूर लिही.

पण त्याच्या शेजारीच आपल्या राज्यातला अभ्यास ठेव. महाराष्ट्रातल्या 100 गावांत शेतकऱ्यांना बाजारभाव आणि हवामानाचे एसएमएस पाठवून पाहिले. 2012 मध्ये निष्कर्ष छापून आला : शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या भावात सरासरीने दखल घ्यावी असा फरक पडला नाही. असं का? मला जे वाटतं ते सांगते. होडीचं सुकाणू मच्छीमाराच्या हातात असतं, मनात आलं तर तो पुढच्या बंदरावर जातो. आता रावेर-यावलचा केळीवाला बघ. रोजचा जाहीर भाव त्याच्या मोबाइलवर सकाळीच येतो. पण बाग कापणीला आली की घड थांबत नाही. कापणारी माणसं व्यापाऱ्याची, ट्रकही त्याचाच. तो म्हणतो, जाहीर भावाच्या खाली देतो, नाहीतर उद्या बघू. उद्यापर्यंत घड पिकायला लागतो. भाव कळला, पण नाही म्हणायची ताकद त्या मोबाइलमधून आली नाही.

केनियाचं उदाहरण तुझ्या पुस्तकात असेलच. तिथे मार्च 2007 मध्ये एम-पेसा सुरू झालं, साध्या फोनवरून पैसे पाठवायची सोय. पुढे एका अभ्यासात दिसलं की त्यामुळे 1 लाख 94 हजार कुटुंबं, म्हणजे तिथली 2 टक्के, गरिबीतून वर आली. तू मात्र फोनपेक्षा दुकानाकडे नीट बघ. गल्लीतल्या छोट्या दुकानात बसलेला एजंट रोख पैसे घेतो आणि देतो. तो माणूस नसता तर फोनमधले पैसे फोनमध्येच राहिले असते.

आणि आपल्याकडचंही एक लिही, कारण ते फार कुणी लिहीत नाही. 1984 मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि तिथल्या इंजिनियरांनी गावांसाठी 128 लाइनचं एक्स्चेंज तयार केलं. वातानुकूलित खोलीशिवाय, उन्हात आणि धुळीत चालेल असं. आमच्या खानदेशातला मे महिना ज्याने काढलाय त्यालाच त्याचं मोल कळेल. यंत्र बनवतानाच कुणीतरी आपल्या उन्हाचा विचार केला होता.

बोटांचा विचार तितका झाला नाही. देशातलं पहिलं आधार तुझ्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, 29 सप्टेंबर 2010 रोजी दिलं गेलं. ऊसतोडीला जाणाऱ्या, दगड-माती उपसणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात, हे त्या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. मागच्या वर्षी मी चुलत सासूबाईंना घेऊन रेशनला गेले होते. दुकानदाराने आधी ओला फडका दिला, मग कोरडा. उजवा अंगठा, डावा अंगठा, मग एकेक बोट. दरवेळी मशीनचं ‘नाही’. मागे रांग चुळबुळ करायला लागली. सासूबाई बोट पदराला पुसत मागे सरकल्या आणि मला म्हणाल्या, “माय, मना आंगठा घसाई गया.” जणू चूक त्यांचीच होती.

हे ‘जणू’ मला त्या दिवसापासून सोडत नाही. आमच्या काळात लाइन पडली, म्हणजे फोन बंद पडला, तर दोष खात्याचा असायचा. 198 वर तक्रार केली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक मिळायचा आणि लाइनमन सायकल काढायचा. उशीर व्हायचा, लोक आम्हाला बोलायचे, ते आम्ही ऐकून घ्यायचो. पण फोन लागत नाही म्हणून ग्राहकाने मान खाली घातलेली मी कधी पाहिली नाही. आता यंत्र अडलं की सत्तरीची बाई परत फिरते आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. तंत्रज्ञानाने विकास झाला का हे मोजताना या परत फिरलेल्या फेऱ्याही मोजायला हव्यात. त्या तुझ्याशिवाय कोण मोजणार? पाड्यावरची दहा घरं घे. महिन्यात किती फेऱ्या झाल्या, जीपला किती भाडं गेलं, किती दिवसांची मजुरी बुडाली, एवढं वहीत लिही. सरांना आवडेल की नाही ते मला सांगता येणार नाही, पण मी परीक्षक असते तर तेच पान आधी वाचलं असतं.

आजीचं मात्र प्रकल्प होईपर्यंत थांबवू नकोस. अंगठा जुळत नाही किंवा नेटवर्क नाही एवढ्यासाठी कुणाचं धान्य अडवू नये, असं केंद्राच्या अन्न खात्याने 2017 मध्येच राज्यांना कळवलं आहे. पुढच्या खेपेला तिच्याबरोबर तू जा. सगळी बोटं लावून बघा. नाही जमलं तर डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा मोबाइलवरच्या ओटीपीवरून होतं का ते विचार. तरीही नाही म्हणाले तर 1967 या हेल्पलाइनला फोन कर आणि तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज दे. अर्जाच्या दोन प्रती कर. एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घे, आणि ती हातात पडल्याशिवाय तिथून हलू नकोस.