शाई पुन्हा करा, ताई

इस्रायलमधल्या अश्दोदहून एका बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, आईने लिहिलंय: "चार वर्षांपूर्वी ठाण्याहून इथे आलो. सतरा वर्षांच्या लेकीला सोफेर व्हायचंय, म्हणजे आपला धर्मग्रंथ तोरा हाताने लिहिणारी. 'हे पुरुषांचं काम' म्हणत यांनी तिची शाई मोरीत ओतली. मी काय करू?"

ताई, आधी शाई पुन्हा करा. मायफळ, हिराकस, डिंक. मायफळ तर याच लेकीच्या बाळगुटीत तुम्ही उगाळलं असेल.

नियम मात्र तिच्यापासून लपवू नका. तोरा, तेफिलिन (प्रार्थनेला अंगावर बांधायच्या डब्यांतली वचनं), मेझुझा (दाराच्या चौकटीवरची वचनं) लिहिणाऱ्यांतून तालमूदने, म्हणजे आपल्या जुन्या धर्मशास्त्राने, बायकांना वगळलंय. तोराची 3,04,805 अक्षरं लिहायची आणि आपल्याच सिनेगॉगने ती नाकारायची, हे दुःख तिला आधीच ठाऊक असावं. 2007 मध्ये जेन टेलर फ्रीडमन या बाईने अख्खी तोरा लिहून पूर्ण केली, तीही सगळीकडे चालत नाही. मला हे पटत नाही, पण आहे हे असं आहे.

म्हणून सुरुवात पुरीमच्या सणाला वाचतात त्या एस्तेरच्या मगिल्लेने, म्हणजे एस्तेरच्या कथेच्या गुंडाळीने, करू द्या. ती बाईने लिहिलेली चालते असं मानणारे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, कर्मठ ऑर्थोडॉक्स लोकांतही आहेत. शिवाय तीत देवाचं नाव एकदाही येत नाही. तोरात ते नाव चुकलं तर खरवडता येत नाही, चामड्याचा तो ताव बाजूला काढून पुरावा लागतो. शिकाऊ हाताला मगिल्लाच बरी. सेफर्दी, म्हणजे स्पेनकडच्या परंपरेचे, लेखनिक बोरूनेही लिहीत आलेत, तेव्हा पिसाचा हट्ट नको. कित्ता मात्र रोज गिरवायला हवा: दालेत या अक्षराचा कोपरा जरा गोल झाला की त्याचं रेश हे अक्षर होतं, आणि 'एहाद', म्हणजे एक, याचं 'अहेर', म्हणजे दुसरा, होऊन बसतं!

यांच्याशी बोलताना 1964 ची आठवण काढा. लग्नाआधी आपल्या लोकांच्या कुळाची चौकशी करायची अट रब्बींनी घातली होती, तेव्हा आपली माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. धर्म त्यांनी सोडला नाही आणि गप्पही बसली नाहीत. लेकही तेच करतेय.

पहिला ताव झाला की यांच्यासमोर ठेवा. अक्षराबद्दल शंका आली तर ते लहान मुलाला दाखवून 'हे कुठलं अक्षर?' असं विचारायची जुनी रीत आहे. शेजारचं एखादं पोर बोलवा, आणि विचारायचं काम यांनाच करू द्या.