प्रगतिपुस्तकातली ‘चेष्टा’

“मुलगा एकही गोष्ट सरळ सांगत नाही, प्रत्येक वाक्याची थट्टा करतो, उद्या तोंडी परीक्षेत, मुलाखतीत याचं काय होणार?” हा प्रश्न घेऊन दरवर्षी काही पालक माझ्याकडे येतात. मुलगी घरात अखंड बोलते आणि वर्गात तोंड उघडत नाही, असे सांगणारे पालकही तितकेच असतात. वरवर पाहता या दोन तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. पण अनुभवाने माझे मत असे झाले आहे की दोन्हींच्या मुळाशी बहुधा एकच भीती असते, आणि ती म्हणजे आपण बोललो तर लोक हसतील. एक मूल त्या भीतीने गप्प बसते, दुसरे इतरांच्या आधी स्वतःच हसून घेते. या दुसऱ्या प्रकारच्या एका मुलाची हकीकत मी इथे सांगते. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हा मुलगा इंदूरचा, दहावीतला. घरात मराठी, कॉलनीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी, ही इथल्या बहुतेक मराठी घरांची तऱ्हा. होळकरांच्या काळापासून इथे रुजलेल्या कुटुंबांतली मुले दिवसातून कितीतरी वेळा भाषा बदलतात आणि मोठ्यांच्या ते लक्षातही येत नाही. पहिल्या भेटीत आई काळजीने बोलत होती, बाबा वैतागलेले होते. “मॅडम, याला एकदा बजरबट्टू संमेलनातच उभा करतो,” असे ते म्हणाले. रंगपंचमीच्या आदल्या दिवशी इथे भरणाऱ्या त्या हास्यसंमेलनाचा उल्लेख होताच मुलगा तत्परतेने म्हणाला, “बाबा, तिथेही सिलेक्शन होणार नाही, तुमच्या मुलाचा तेवढाही दर्जा नाही.” आई हसली, बाबांनाही हसू आवरले नाही, आणि खोलीतला विषय संपला. मला त्याच क्षणी जाणवले की विषय संपवणे हेच या विनोदाचे काम आहे.

तिसऱ्या भेटीत कारण कळले. सातवीत असताना सकाळच्या प्रार्थनेनंतर इंग्रजीत बातम्या वाचताना त्याने एका शब्दाचा उच्चार चुकवला, सगळी रांग हसली आणि एका शिक्षकांनी तो उच्चार माइकवर पुन्हा करून दाखवला. त्या दिवसापासून कोणी हसण्याआधी आपणच हसवायचे, असे त्याने ठरवून टाकले. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार शैली मांडल्या: माणसे जोडणारा विनोद, संकटात स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला बोचणारा आणि स्वतःलाच कमी लेखणारा. पहिले दोन माणसाला तारतात, उरलेले दोन बहुधा महाग पडतात. या मुलाचे सगळे भांडवल चौथ्या खात्यात गुंतले होते. त्याला विनोद सोडायला सांगणे म्हणजे त्याच्या हातची एकुलती एक ढाल काढून घेणे झाले असते, म्हणून मी फक्त त्याच्या विनोदाचे लक्ष्य बदलायचे ठरवले.

नियम एकच केला. विनोद हवा तेवढा करायचा, पण त्याचा विषय खोलीत हजर असलेले माणूस असणार नाही, आणि ‘हजर माणसांत’ तो स्वतःही येतो. पहिली दहा मिनिटे तो अवाक्षर बोलला नाही. “मग उरलं काय?” असे त्याने विचारले, तेव्हा मी त्याला एक वही दिली आणि रोज दिसलेली एक विसंगती तिच्यात लिहायला सांगितली, हसू आलेच पाहिजे अशी अट नव्हती.

दोन आठवड्यांनी ती वही मी वाचली आणि मला शिकवण्यासारखे फार थोडे उरले आहे असे वाटले. मुलाच्या हाती खाण लागली होती, त्याच्याच तीन भाषांची. त्याने लिहिले होते: हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत शिक्षा म्हणजे शिक्षा, आणि आमच्या शाळेत दोन्ही एकाच तासाला मिळते. हिंदीत ‘यातायात’ म्हणजे वाहतूक, मराठीत यातायात म्हणजे दगदग. चौकात संध्याकाळी सात वाजता मराठी अर्थच बरोबर असतो. हिंदीत ‘संसार’ म्हणजे सारे जग, आजीच्या मते तिचे स्वयंपाकघर. आणि मग हे: “चौथीत प्रगतिपुस्तकावर हिंदीच्या मॅडमनी लिहिलं होतं, ‘और चेष्टा करें’. मी ते मराठीत वाचलं आणि तेव्हापासून मनापासून पाळतो आहे.” हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. मी मोठ्याने हसले. त्याने मान वर करून पाहिले, कारण या वेळी कोणी त्याला हसत नव्हते.

कोटी करताना एकाच शब्दाचे दोन अर्थ मनात एका वेळी धरून ठेवावे लागतात, ऐकणाऱ्याला त्यांतला कोणता आधी सुचेल याचा अंदाज घ्यावा लागतो आणि दुसरा अर्थ नेमक्या जागी, म्हणजे वाक्याच्या शेवटी, उघड करावा लागतो. ऐकणाऱ्याच्या डोक्यात आत्ता काय चालले आहे याचा विचार करणे, हाच तर संवादकौशल्याचा गाभा आहे. व्यक्तिमत्त्वविकासाच्या वर्गांत छाती पुढे काढून उभे राहण्यावर जेवढा वेळ जातो त्याच्या निम्मा जरी यावर गेला, तरी माझी काही हरकत नाही.

यानंतर मी त्याला सहा मुलांच्या एका गटात घेतले. तिथे माझ्याकडून एक चूक झाली. नक्कल करण्याचा खेळ ठेवला आणि कोणाची करायची हे मोकळे सोडले. एका मुलाने गटातल्याच एका मुलीच्या अडखळत बोलण्याची नक्कल केली. सगळे हसले, ती मुलगीही हसली, आणि पुढचे दोन शनिवार आली नाही. मी तिच्या घरी जाऊन तिची माफी मागितली. ती परत आली तेव्हा नियम बदलला होता: नक्कल फक्त वस्तूंची. प्रेशर कुकर, चढावर धापा टाकणारी रिक्षा, नेटवर्क गेलेला मोबाइल. तिने केलेला कुकर सर्वांत उत्तम होता, कारण शिटीआधीची ती तगमग तिला आतून माहीत होती. शिक्षकांनी हे लक्षात ठेवावे अशी माझी विनंती आहे. अडखळणे हा विनोदाने घालवायचा दोष नाही, त्यासाठी वाचोपचारतज्ज्ञ असतात. आणि जे मूल घरी बोलते पण शाळेत महिनाभराहून अधिक काळ अजिबात बोलत नाही, त्याला आधी तज्ज्ञांना दाखवावे, खेळ नंतर.

खेळांचा आधार जुनाच आहे. अमेरिकेत व्हायोला स्पोलिन यांनी १९३९ ते १९४१ या काळात शिकागोत स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांबरोबर काम करताना नाट्यखेळ घडवले, कारण वेगवेगळ्या भाषांच्या त्या मुलांना सूचनांपेक्षा खेळ लवकर कळत असे. आमच्या गटातही भाषेचे बंधन नव्हते, वाक्य अर्ध्यात बदलले तरी चालत असे.

डिसेंबरात मुलाच्या भौतिकशास्त्राच्या प्रेझेंटेशनची वेळ आली. विषय होता विद्युतरोध. मी त्याला इस्रायलचे आवनेर झिव यांचा प्रयोग सांगितला, जो १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. संख्याशास्त्राच्या वर्गात त्यांनी आधी संकल्पना सरळ शिकवली, मग तिच्यावरच बेतलेला विनोद सांगितला आणि लगेच संकल्पना दुसऱ्या शब्दांत पुन्हा मांडली. सत्राअखेर त्या वर्गाचे गुण विनोदाविना शिकलेल्या वर्गापेक्षा चांगले आले. विनोद पाठाच्या विषयातूनच आलेला होता, ही त्यातली खोच.

उदाहरणासाठी मुलाने इंदूरचा सराफा बाजार निवडला, दिवसा सोन्याचांदीचा आणि रात्री खाण्याचा. माझ्यासमोर तालीम करताना आधी तो ओहमचा नियम सरळ बोलला. मग म्हणाला, “रात्री दहा वाजता सराफ्यात शिरलेली माणसं म्हणजे विद्युतप्रवाह, आणि त्यांना पुढे ढकलणारं व्होल्टेज म्हणजे भूक. गल्ली जितकी लांब तितका रोध जास्त, जितकी रुंद तितका कमी.” मी मुद्दाम आडवा प्रश्न टाकला, की तार तापली तर? पूर्वी इथे त्याने स्वतःवर एक शेरा मारून सुटका करून घेतली असती. या वेळी तो थांबला, छताकडे पाहिले आणि म्हणाला, “भुट्ट्याचा कीस विकणारे आपापल्या जागेवरच नाचायला लागले, तर गर्दीला वाट काढणं अवघड होईल. धातूतले अणू तसेच जास्त थरथरतात, म्हणून रोध वाढतो.” शेवटचे वाक्य त्याने हसू न आणता, हळू उच्चारले. वर्गात कसे झाले ते मी पाहिलेले नाही. गुण बरे मिळाले, एवढे आईने फोनवर सांगितले.

वहीतली शेवटची नोंद त्याने मला दाखवली ती फेब्रुवारीत, बोर्डाच्या परीक्षेआधी. ती अशी होती: “जेवताना बाबांनी विचारलं, शाळेत काय झालं. गणिताचा पेपर अवघड गेला, थोडी भीती वाटते आहे, असं मी सांगितलं. मध्ये एकही विनोद नव्हता. बाबांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.”